लग्न नाही, पण बाळ आहे: बापाचं नाव कागदावर कसं आणायचं?

मागच्या अंकात लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्यांच्या भाडेकराराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर जे मेल आले त्यातले बरेचसे भाडेकराराबद्दल नव्हतेच, मुलांबद्दल होते, म्हणून यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला. पत्रातली ओळख पटेल अशी माहिती काढून टाकलीये. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. आपल्याकडे बापाने एका फॉर्मवर "हे मूल माझं" अशी सही केली आणि विषय संपला, अशी सोय नाही (गोव्याचं वेगळं आहे, ते पुढे येईल). जन्मदाखला, पोटगी, पालकत्व आणि वारसा या चार वेगळ्या खिडक्या आहेत, प्रत्येक खिडकीवर वेगळा कायदा बसलाय, आणि एका खिडकीवर काम झालं म्हणून दुसरीवर होईलच असं नाही. लोक नेमके इथेच फसतात.

"आम्ही दोघं पुण्यात आयटीत आहोत, चार वर्षं एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही आणि सध्या करायचंही नाही. मला सातवा महिना चालू आहे. हॉस्पिटलमध्ये नाव घालायला गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, मॅरेज सर्टिफिकेट नसेल तर बाळाच्या दाखल्यावर वडलांचं नाव येणार नाही. हे खरंय का? आणि नाव आलं की झालं ना सगळं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही", आणि दुसऱ्याचंही "नाही".

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. आईबापाचं लग्न झालेलं असलं तरच बापाचं नाव लिहायचं, असं त्यात कुठेही नाही. हॉस्पिटल जन्माचा रिपोर्ट भरतं, २१ दिवसांच्या आत महापालिकेच्या निबंधकाकडे पाठवतं, आणि वडलांचं नाव तुम्ही सांगाल ते त्यात जातं. मग काउंटरवरच्या बाई असं का म्हणतात? कारण उद्या कोणी तक्रार केली तर आपल्या डोक्याला ताप नको, एवढंच. त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा एक काम करा. डिलिव्हरीच्या आधीच दोघांचं मिळून एक शपथपत्र करून ठेवा की आम्ही अमुक आणि अमुक, अमुक तारखेपासून अमुक पत्त्यावर एकत्र राहतो, होणारं मूल आम्हा दोघांचं आहे, जन्मनोंदीत वडील म्हणून यांचं नाव लावायला दोघांची संमती आहे. दोघांचे आधार जोडा, नोटरी करा, एक प्रत हॉस्पिटलच्या फाइलला लावा आणि त्यावर पोच घ्या. पोच घ्याच. डिस्चार्जच्या दिवशी तो रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कारण स्पेलिंगची चूक तिथे दोन मिनिटांत सुटते आणि नंतर तिच्यासाठी महापालिकेच्या चकरा माराव्या लागतात. बाळाचं नाव तेव्हा ठरलं नसलं तरी काही बिघडत नाही, नोंदणीपासून १२ महिन्यांत फी न भरता घालता येतं आणि लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं ठरलंय, तेव्हा तुमचं नाव तर तिथे येणारच आहे.

आता "झालं ना सगळं" याबद्दल. दाखल्यावरचं नाव हा चांगला पुरावा आहे, पण पुरावाच, कोर्टात त्याला आव्हान देता येतं. पालकत्वाचं बघा, तुम्ही हिंदू असाल असं धरून सांगते, १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्याच्या (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं मूल) कलम ६ मध्ये लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई आणि तिच्यानंतर बाप. म्हणजे तुमच्या जोडीदाराचं नाव दाखल्यावर असलं तरी पालक म्हणून तुमच्या बरोबरीचा नंबर त्याला मिळत नाही. हे त्याला आत्ताच सांगून टाका, नंतर कुठून तरी कळलं की उगाच वाईट वाटतं.

आणि खरा खड्डा वारशात आहे. हिंदू वारसा कायद्यात "नातं" म्हणजे औरस, म्हणजे लग्नातून आलेलं नातं. लग्नाबाहेरच्या मुलाचं नातं आईशी आणि एकमेकांशी धरलं जातं, बापाशी नाही. म्हणजे उद्या तुमच्या जोडीदाराचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं तर फ्लॅटमधला त्याचा हिस्सा त्याच्या आईकडे जाईल, बाळाकडे नाही, मग दाखल्यावर नाव कितीही ठळक असू दे. इथे कोणीतरी तुम्हाला सांगेल की दीर्घकाळ एकत्र राहिलं की कोर्ट लग्न झालं असं धरतं, २०२२ मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसं धरून मुलाला हिस्साही दिला. बरोबर आहे. पण ते गृहीतक आहे, ते खोडता येतं, आणि तुम्ही तर मलाच लिहिलंय की लग्न केलेलं नाही! वरच्या शपथपत्रातही तेच दिसणार. तुमच्यासारख्या उघडपणे लिव्ह-इन म्हणून राहणाऱ्यांना हे गृहीतक फारसं कामाचं नाही, त्याचा फायदा जुन्या पिढीतल्या त्या जोडप्यांना, ज्यांना सगळं गाव नवराबायको म्हणायचं पण कागद नव्हता.

म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण तुमच्या परिस्थितीत कराच. आणि त्यात "माझी मुलं" असं मोघम लिहू नका, बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि "माझ्यापासून आणि अमुक यांच्यापासून झालेलं" असं स्पष्ट लिहा. पीएफ, इन्शुरन्स, बँक, सगळीकडे नॉमिनी बदला, पण नॉमिनी नेमला म्हणजे वारस नेमला असं समजू नका, बहुतेक ठिकाणी नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस असतो, मालक नव्हे.

"मुलगी तीन वर्षांची आहे. पुण्यात आम्ही दीड वर्ष एकत्र राहत होतो, लग्न करतो करतो म्हणाला आणि गरोदर राहिल्यावर गावी निघून गेला, तिकडे लग्नही केलं. आता म्हणतो मुलगी माझी नाहीच. दाखल्यावर वडलांची जागा कोरी आहे. मी बार्शीला आईकडे राहते, शिलाईकाम करते. त्याचा काका आला होता, एकदाच पाच लाख घे आणि परत काही मागणार नाही असं लिहून दे म्हणतो. देऊ का लिहून?"

नका देऊ. पैसे हवे असतील तर घ्या, पण पोरीचा हक्क सोडून देणारा कागद करू नका. खरं तर तो कागद कोर्टात टिकतही नाही, पोटगीचा हक्क मुलीचा आहे, तो आईने सही करून सोडता येत नाही. पण अशा कागदामुळे पुढे तारखा वाढतात आणि समोरचा वकील तोच फडकवत बसतो.

तुमचा रस्ता पोटगीचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) १२५. त्यात अज्ञान मूल औरस असो की अनौरस, बापाने पोसलंच पाहिजे असं स्वच्छ लिहिलंय, आणि हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. दाखल्यावर नाव आधी असावं लागत नाही. लोकांना वाटतं आधी नाव, मग पोटगी, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं, पोटगीच्या केसमध्येच बाप कोण हे ठरतं.

केस कुठे घालायची ते नीट ऐका, इथे सहा-सहा महिने फुकट जातात. तुम्ही बार्शीला राहता म्हणून बार्शीला, असं नाही. लग्न न झालेल्या आईच्या मुलासाठी हा अर्ज तो माणूस राहतो त्या जिल्ह्यात किंवा तुम्ही दोघं शेवटचे जिथे एकत्र राहत होतात तिथे करायचा. तुमच्यासाठी म्हणजे पुणे किंवा त्याचं गाव. मी पुणेच म्हणेन, त्याच्या गावात साक्षीदार त्याचे असतील आणि पुण्यात घरमालक, शेजारी, दवाखाना, सगळं तुमच्या बाजूचं.

पुरावा काय लागेल? सोनोग्राफीच्या वेळी किंवा अॅडमिशनच्या वेळी फॉर्मवर त्याने सही केली होती का, "नातं" या रकान्यात काय लिहिलं होतं, ते हॉस्पिटलकडून मागवा. हा एक कागद शंभर फोटोंच्या तोलाचा असतो. भाडेकरारात दोघांची नावं असतील तर उत्तम. त्याने पाठवलेले यूपीआयचे पैसे, बँकेचं स्टेटमेंट. व्हॉट्सअॅपच्या गप्पा असतील तर नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हातात असला तर वाद कमी होतो.

डीएनए टेस्ट पहिल्याच तारखेला मिळेल अशी आशा ठेवू नका. १९९३ पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की मागितली म्हणून टेस्ट द्यायची नाही, आधी तुमच्या बाजूने प्रथमदर्शनी काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून वरचे कागद. कोर्टाने टेस्टचा आदेश दिला आणि तो आलाच नाही, तर पोलिसांनी धरून रक्त काढायचं असं दिवाणी किंवा पोटगीच्या केसमध्ये सहसा होत नाही, पण त्याच्या नकारावरून कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. १९९९ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने टेस्टला नकार देणाऱ्याला सुनावलं होतं की मग मूल माझं नाही म्हणायचा तुला अधिकार उरत नाही. माझा अनुभव विचाराल तर टेस्टचा अर्ज पडला की अर्धे बाप सेटलमेंटला येतात.

अंतरिम पोटगी पहिल्याच दिवशी मागा, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो (शक्यतो हा शब्द कोर्टात फार ताणला जातो, तयारी ठेवा). सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे आज-उद्या करण्यात तुमचंच नुकसान. तुम्ही शिलाईकाम करता म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, फार तर रकमेवर परिणाम होतो. ऑर्डर होऊनही पैसे दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, बाई म्हणून आणि मुलीसाठी म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, फोन करायचा असेल तर १५१००.

लग्नाचं आमिष दाखवल्याची पोलीस तक्रार हा वेगळा विषय आहे, करायची की नाही तो निर्णय तुमचा, पण तिच्यावर पोटगी थांबवून ठेवू नका. फौजदारी केस वर्षानुवर्षं चालते, पोरगी रोज जेवते.

हातात कोर्टाची ऑर्डर आली की ती घेऊन निबंधकाकडे जा, जन्मनोंद दुरुस्त करायची तरतूद त्या १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. निबंधक बऱ्याचदा म्हणतात पोटगीची ऑर्डर चालणार नाही, पितृत्व जाहीर केल्याचा हुकूमनामा आणा. तशी वेळ आली तर पितृत्व जाहीर करून मागणारा दावा वेगळा लावावा लागेल, तो कौटुंबिक न्यायालयात की दिवाणीत हे तुमचे वकील कागद बघून ठरवतील.

"माझं लग्न झालंय पण २०१९ पासून नवऱ्यापासून वेगळी आहे, घटस्फोट झालेला नाही. तो सुरतला असतो. मी दुसऱ्या एकासोबत इचलकरंजीत राहते, त्याच्यापासून २०२३ ला मुलगा झाला. आमचा तो माणूस स्वतः म्हणतोय माझं नाव लावा, मी सही करतो, डीएनए करतो. तरी नगरपालिकेत नाही म्हणतात. बाप हो म्हणतोय तर अडचण काय?"

ताई, आलेल्या पत्रांत सगळ्यात अवघड केस तुमची आहे, वरच्या बार्शीच्या बाईंपेक्षा अवघड. तिकडे बाप नाही म्हणतोय तरी रस्ता सरळ आहे, तुमच्याकडे बाप हो म्हणतोय आणि कायदा आडवा आलाय.

१८७२ च्या साक्ष कायद्याचं कलम ११२, आता नव्या अधिनियमात ११६, नंबर बदलला, बाकी तसंच. कायदेशीर लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यापासून २८० दिवसांच्या आत आईने पुन्हा लग्न न करता मूल झालं, तर ते नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. सुटका एकच, त्या काळात नवराबायकोची गाठ पडण्याची संधीच नव्हती हे सिद्ध करणं. संबंध नव्हते असं म्हणून भागत नाही, संधी नव्हती हे दाखवावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलेली केरळची केस हुबेहूब याच वळणाची होती. बाईने नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर कोचीन महापालिकेला सांगितलं की मुलाचा बाप नवरा नव्हे, दुसरा माणूस, त्याचं नाव लावा. महापालिका म्हणाली कोर्टाची ऑर्डर आणा. दावा हरली, अपील हरली, मग मुलाने त्या माणसाकडे पोटगी मागितली, आणि शेवटी कोर्ट म्हणालं की मूल झालं तेव्हा नवराबायको एका घरात राहत होते, संधी होती, सबब मूल नवऱ्याचं, आणि त्या तिसऱ्या माणसाला डीएनएला बोलावता येणार नाही, त्याच्याही खासगीपणाचा प्रश्न आहे. याच्या उलट २०१४ ची आपल्या विदर्भातली एक केस आहे. तिथे टेस्ट आधीच झाली होती, नागपूरच्या लॅबमध्ये आणि मग बायकोच्या मागणीवरून पुन्हा हैदराबादला, दोन्हीकडे नवरा बाप नाही असंच आलं, तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं की विज्ञानाने सत्य समोर आलंय तर गृहीतकाला धरून बसता येणार नाही. आणि नारायण दत्त तिवारींची केस तर सगळ्यांना आठवत असेल. तिवारी आपले बाप आहेत असा दावा लावणाऱ्या मुलाच्या आईचंही त्याच्या जन्मावेळी दुसऱ्याशी लग्न झालेलं होतं, तरी दिल्ली हायकोर्टाने औरस असणं वेगळं आणि जन्मदाता कोण हे वेगळं असं म्हणून टेस्ट करायला लावली, २०१२ च्या जुलैमध्ये रिपोर्ट उघडला, माजी मुख्यमंत्री बाप निघाले. २०२५ च्या निकालानंतर तो रस्ता बराच अरुंद झालाय असं मला दिसतं.

लोक या कलमाला शिव्या घालतात, मीही घातल्यात. डीएनएच्या जमान्यात १८७२ चं गृहीतक म्हणजे थट्टाच वाटते. पण पोटगी चुकवायला "मूल माझं नाही, टेस्ट करा" म्हणणारे नवरे कोर्टात किती येतात ते बघितलं की कळतं, तिथे याच कलमाने पोरांना वाचवलंय. तुमच्या केसमध्ये मात्र त्याचा उपयोग शून्य आणि त्रास पूर्ण.

तुमच्याकडे एक गोष्ट चांगली आहे, तुम्ही एका घरात नव्हता, दोन राज्यांत होता. म्हणून २०२२-२३ मधले सुरतचे त्याचे कागद, त्याच्या कामाची हजेरी, तुमचा इचलकरंजीचा भाडेकरार, गरोदरपणाच्या तपासण्यांचे कागद, सगळं तारखेवार लावा. नवरा तयार असेल तर आधी संमतीने घटस्फोट उरकून घ्या आणि त्याच्या जबाबात हे स्पष्ट येऊ द्या की २०१९ नंतर भेट नाही आणि हे मूल त्याचं नाही. पण त्याच्या हो म्हणण्यावर कोर्ट थांबत नाही, पुरावा बघून जाहीर करावं लागतं. त्यानंतर निबंधकाकडे दुरुस्ती. तोपर्यंत ती जागा कोरी असेल तर कोरीच राहू द्या. एजंट लोक हजार-दोन हजारात "आम्ही पतीपत्नी आहोत" असं शपथपत्र करून देतात, त्याच्या नादाला लागू नका, खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि पुढे तोच कागद तुमच्या केसवर उलटेल.

"माझ्या वडलांनी पहिली बायको असताना माझ्या आईशी देवळात लग्न केलं. वडील वारले, आता सावत्र भाऊ म्हणतात तुझी आई ठेवलेली होती, सातबाऱ्यावर तुझं नाव येणार नाही. तलाठीही त्यांचंच ऐकतो. — नाशिक जिल्हा"

तलाठ्याला तुमचा बाप कोण हे ठरवायचा अधिकार नाही. हरकत आली की तो फेरफार अडवणारच, पुढे दिवाणी कोर्ट.

कायद्याने तुमच्या आईचं लग्न रद्दबातल, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा लग्नाची मुलं औरसच धरतात, १९७६ पासून. हिस्सा कशात, यावर बरीच वर्षं भांडण होतं, ते १ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी मिटवलं. वडलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हिस्सा, आणि वडिलोपार्जित जमिनीत वडील वारायच्या क्षणी वाटणी झाली असती तर जे त्यांच्या वाट्याला आलं असतं त्यातही हिस्सा. समजा त्यांच्या वाट्याला ३ एकर आले असते, तर त्या ३ एकरांत इतर वारसांबरोबर तुम्ही, बाकीच्या जमिनीत नाही. काका-आजोबांच्या मिळकतीवर यातून हक्क लागत नाही.

यासाठी लग्नाचा काही ना काही विधी झाला होता हे दाखवावं लागेल. देवळातलं कोणी अजून हयात आहे का बघा, फोटो, पत्रिका, शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून कोणाची सही, जुनं रेशनकार्ड, मतदारयादी. गंमत बघा, बायको असताना दुसरं लग्न करणाऱ्याच्या मुलाला हिस्सा मिळतो आणि वरच्या पुण्याच्या जोडप्याच्या बाळाला, जिथे दोघांपैकी कोणीच कोणाला फसवलेलं नाही, मृत्युपत्राशिवाय काही मिळत नाही. उत्तराखंडने २०२५ पासून लिव्ह-इनमधल्या मुलांना औरस ठरवलंय, त्यांच्या त्या कायद्यातली नोंदणीची सक्ती मला पटत नाही, पण मुलांबद्दलची ती एक ओळ आपल्याकडे यायला काय हरकत आहे?

"मला मुलाच्या बापाचं नाव कुठेच नकोय. शाळेत क्लार्क म्हणतो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

येतो. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालक म्हणून अर्ज करता येतो असं सांगितलं आणि जन्मदाखल्यासाठी तिचं शपथपत्र पुरे असंही सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीने तर जन्मनोंदणीच्या कायद्यातच अविवाहित आईचा आणि एकट्या पालकाचा उल्लेख आला. पासपोर्टला २०१६ च्या डिसेंबरपासून आई किंवा बाप एकाचंच नाव चालतं, पॅनला आई एकटी पालक असेल तर २०१८ पासून वडलांचं नाव लागत नाही. हे सगळं अर्जात लिहा, मुख्याध्यापकांना द्या, आणि नकार असेल तर लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की रकाना आपोआप रिकामा राहायला लागतो.

"आम्ही दोघंही महाराष्ट्रातले, सध्या जर्मनीत नोकरी. लग्न झालेलं नाही, मूल इथेच होणार. इथली प्रोसेस वेगळी आहे का?"

वेगळी आणि फार सोपी. तिथे बाप बाळ जन्मायच्या आधीच पितृत्व मान्य करून ठेवू शकतो, आईची संमती लागते, आणि हे युगेंडआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या बालकल्याण कार्यालयात, फुकट होतं. त्याच वेळी संयुक्त पालकत्वाचं डिक्लेरेशनही करून टाका, नाहीतर ताबा एकट्या आईकडे राहतो. जन्मनोंदीचा कागद मिळाला की एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा, भारतीय नागरिकत्वासाठी ते लागतं. आणि भारतात मिळकत असेल तर पहिल्या उत्तरातला मृत्युपत्राचा भाग तुम्हालाही लागू.

अशी मान्यतेची सोय आपल्या शेजारी गोव्यात जुनीच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत बापाने जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा सार्वजनिक दस्तात मूल आपलं म्हणून स्वीकारायची पद्धत होती. सावंतवाडीतून पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो, तेव्हा मूळ गोवेकर असाल तर या उत्तरांवर न जाता तिथल्या वकिलाला विचारा.

"मी २६ वर्षांचा, ठाण्यात असतो. ब्रेकअपनंतर पाच महिन्यांनी तिने कळवलं की मूल माझं आहे. आता बाळ झालंय. मला पळायचं नाही, पण खात्री नाही. ऑनलाइन डीएनए किट मिळतं, भेटायला जाऊन बाळाच्या गालातून कापूस फिरवून आणू का गुपचूप?"

अजिबात नाही. बाळाची पालक ती आहे, तिच्या परवानगीशिवाय बाळाला हात लावायचा नाही. आणि अशा किटचा रिपोर्ट कोर्टात काडीच्या कामाचा नाही, नमुना कोणाचा, कोणी घेतला, कोणासमोर घेतला, याचं काहीच उत्तर त्यात नसतं.

तिला सरळ सांगा, जसं मला लिहिलंत तसंच, की पळणार नाही, पण खात्री करून घेऊ. ती तयार असेल तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये तिघं एकत्र जा, फोटो आयडी घेऊन. तिथला माणूस तुमच्यासमोर तिघांचे नमुने घेतो, पाकिटं सील होतात, त्यावर सह्या होतात, आणि ती साखळी कागदावर राहते. खर्च तुम्ही करा. ती नाही म्हणाली तर तिच्यावर दबाव आणू नका, तिने पोटगीची केस केली तर कोर्टातच टेस्टला तयार आहे असं लेखी द्या.

रिपोर्टमध्ये "नाही" आलं तर विषय संपला. "हो" आलं, तर त्याच आठवड्यात दोघांचं शपथपत्र करून निबंधकाकडे जन्मनोंदीत नाव घालायचा अर्ज द्या, बाळाच्या नावाने दरमहा काही रक्कम बँकेतून पाठवायला लागा, रोख नको, आणि बाळाला कधी, कुठे भेटायचं ते तिच्याशी बोलून लिहून घ्या, कारण तुमच्या घरचे लोक मध्ये पडले की हे असं शांतपणे लिहून होत नाही.